पृथ्वीच्या पोटात लाव्हा भरलेला नाही

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीचं एक चित्र हमखास असतं. चतकोर कापून काढलेला गोळा, आत पिवळे, नारिंगी, लालभडक पट्टे आणि सगळ्यांत बाहेर एक पातळ तपकिरी कड. ते चित्र पाहून मनात एक समजूत बसते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती जन्मभर टिकते. आपण एका पातळ कवचावर उभे आहोत, खाली सगळीकडे तापलेला रस उकळतो आहे आणि कवचाला भोक पडलं की तो बाहेर उसळतो, असं आपण धरून चालतो. चित्रातले थर बरोबर आहेत, घोटाळा केलाय तो रंगांनी. पृथ्वीच्या आकारमानाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग कवचाखालच्या ज्या थराने, म्हणजे प्रावरणाने, व्यापला आहे, ते प्रावरण घट्ट खडकाचं आहे. ते भयंकर तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात ते सरकतं, वाकतंही; पण ते द्रव नाही. खडक वितळणं हा तिथला नियम नसून अपवाद आहे. तो अपवाद कुठे आणि कशामुळे घडतो हे कळलं, की ज्वालामुखीचं निम्मं कोडं सुटतं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना याची जास्तच गरज, कारण राज्याची सुमारे ८० टक्के जमीन अशाच एका प्रचंड अपवादातून तयार झाली आहे.

खणून किती कळतं?

फार थोडं. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचं अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर. माणसाने सरळ खाली खणलेलं सर्वांत खोल भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ते खणायला घेतलं आणि १९८९ पर्यंत ते १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचले. तळाशी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल असा अंदाज होता, निघालं १८० अंश. त्या उष्णतेत खडक इतका मऊसर वागू लागला की पुढे खणणं अशक्य झालं. एवढा खटाटोप करून गाठलेली खोली केंद्रापर्यंतच्या अंतराच्या पाचशेवा भागसुद्धा नाही.

आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणी सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेल्या होत्या. कोयनेच्या परिसरात भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी तीन किलोमीटर खोलीचं वेधनछिद्र घेतलं गेलं, त्याबद्दल पुढे बोलूच. पण या साऱ्यांतून कळतं ते फक्त कवचाबद्दल, आणि तेही वरच्या भागाबद्दल.

खोलवरचा पहिला भरवशाचा सुगावा लागला तो जमिनीत न उतरता. हेन्री कॅव्हेंडिश याने १७९८ साली प्रयोगशाळेत शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढली. आजचा आकडा पाण्याच्या साडेपाचपट आहे, आणि कॅव्हेंडिशचं उत्तर त्याच्या अगदी जवळचं होतं. आपल्या हाताशी असणारे खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन ते तीनपटच जड असतात. म्हणजे आत कुठेतरी खडकापेक्षा खूप जड असं काहीतरी असलंच पाहिजे. ते बहुतांशी लोखंड आहे, हे पुढे कळलं.

भूकंपाच्या लहरींनी उघडलेलं पोट

या गोष्टीतला एक मोठा धागा भारतातून जातो, आणि आपण तो फारसा सांगत नाही. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये महाभयंकर भूकंप झाला. शिलाँग शहर जवळपास जमीनदोस्त झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात तेव्हा रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम काम करत होते. त्या भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं, की धक्क्याच्या लहरी एकाच वेळी येत नाहीत. आधी एक जात येते, मग दुसरी, आणि शेवटी जमिनीच्या पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लहरी. पहिलीला आता ‘पी’ लहर म्हणतात. ती वाटेतला खडक पुढेमागे दाबत, सोडत जाते आणि घन पदार्थातून जाते तशी द्रवातूनही जाते. दुसरी ‘एस’ लहर. ती खडकाला आडवं हलवत पुढे सरकते, आणि द्रवाला असं आडवं हलवून परत जागेवर आणणारा ताठपणा नसल्यामुळे ती द्रवातून जाऊच शकत नाही.

या फरकातच सगळं आलं. ‘एस’ लहर प्रावरणातून व्यवस्थित पार होते, हजारो किलोमीटर जाते. प्रावरण उकळता रस असता तर ती तिथेच संपली असती. शाळेच्या चित्राविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो शंभराहून अधिक वर्षं आपल्या हातात आहे.

ओल्डहॅम यांनीच १९०६ मध्ये दाखवलं, की पृथ्वीच्या मध्यभागी वेगळ्याच गुणधर्मांचा गाभा आहे, कारण फार दूरच्या भूकंपांच्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात. पुढची काही वर्षं या क्षेत्रात शोधांची रांगच लागली. १९०९ साली झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदींवरून आंद्रिया मोहोरोविचिच यांनी कवच जिथे संपतं ती सीमा ओळखली. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो हे काढलं. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये तो द्रव असल्याचं दाखवलं. मग १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांच्या लक्षात आलं, की जिथे लहरी पोहोचायलाच नकोत अशा भागात काही दुबळ्या लहरी येत आहेत. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्यावरून त्या परावर्तित होत आहेत, असा अर्थ त्यांनी लावला. तो अंतर्गाभा घन आहे.

थर, दाब आणि उष्णता

आता थरांची मोजमापं. खंडांखालचं कवच साधारण ३० ते ५० किलोमीटर जाड, हिमालय आणि तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या घरात जातं. महासागरांखाली मात्र जेमतेम ६–७ किलोमीटर. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण. मग ५,१५० किलोमीटरपर्यंत वितळलेल्या लोखंड-निकेलचा बाह्यगाभा आणि सगळ्यांत आत सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा. केंद्राशी तापमान ५,००० अंशांच्या वर आहे आणि दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट. तिथलं लोखंड इतकं तापूनही घट्ट राहतं ते या दाबामुळे.

म्हणजे पृथ्वीत सर्वत्र द्रव असलेला थर एकच, बाह्यगाभा. आणि त्याचा ज्वालामुखीशी थेट संबंध नाही! तो धातू आहे. तो वर येऊन लाव्हा म्हणून वाहत नाही. त्याच्या फिरण्या-वाहण्यातून पृथ्वीचं चुंबकत्व निर्माण होतं. या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं गेलं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आजही चालू आहे. तीन हजार किलोमीटर खोलीवरच्या लोखंडाच्या हालचालींची नोंद समुद्रकाठच्या त्या दगडी इमारतीत होते, हे तिथे फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

आतली उष्णता येते दोन ठिकाणांहून. काही पृथ्वी घडताना झालेल्या टकरींमधून उरलेली, तर काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारी अणूंमधून आजही निर्माण होणारी. कवचात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. याच वेगाने ते पुढेही वाढत गेलं असतं तर शंभर किलोमीटरवरच सगळं वितळून गेलं असतं. तसं होत नाही. प्रावरणात वाढीचा वेग खूप मंदावतो, कारण तिथला घन खडक स्वतःच अत्यंत सावकाश वर-खाली होत उष्णता वाहून नेतो.

मग खडक वितळतो कशामुळे?

‘आणखी तापला म्हणून’ हे उत्तर सहसा चुकीचं असतं. खरं गुपित दाबात आहे. कुकरमधलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, दाबामुळे ते आणखी तापूनही पाणीच राहतं. झाकणाखालचा दाब गेला तर तेच पाणी क्षणात वाफ होऊ लागेल, वेगळी आच द्यावी लागणार नाही. प्रावरणातल्या खडकाचंही असंच. वरच्या वजनाने तो इतका दाबलेला असतो की १,३०० अंशांनाही वितळत नाही. पण हाच खडक काही कारणाने वर सरकला, तर वाटेत त्याची उष्णता फारशी कमी होत नाही आणि दाब मात्र झपाट्याने उतरतो. मग त्याचा थोडासा भाग, बहुधा शंभरात दहा-वीस हिस्से, वितळतो. हा शिलारस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असल्याने फटींमधून वर निघतो.

असं घडण्याची मुख्य जागा समुद्राच्या तळाशी आहे. दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य आवरणाचे दोन प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात तिथे मधली पोकळी भरायला खालचा खडक वर येतो, वितळतो आणि नवा सागरतळ तयार होतो. पृथ्वीवर बाहेर पडणाऱ्या लाव्हाचा बहुतांश भाग असा समुद्राखाली, कुणाच्या डोळ्यांना न दिसता बाहेर येतो. आइसलँडमध्ये ही सागरी पर्वतरांग पाण्यावर आली आहे, म्हणून तिथे ती उघड्यावर पाहता येते.

दुसरी तऱ्हा पाण्याची. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तेव्हा तो सागरतळाचं पाणी खनिजांमध्ये अडकवून खाली नेतो. शंभरेक किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरतो. पॅसिफिक महासागराभोवतीची ज्वालामुखींची माळ, म्हणजे जपान, फिलिपिन्स, अलास्का, अँडीज पर्वत, ही या प्रकारातली. इंडोनेशियाही त्यातच, आणि अंदमानातलं आपलं बॅरन बेटसुद्धा.

तिसरी तऱ्हा भूपट्टांच्या कडांपासून दूर. प्रावरणाच्या खोल भागातून जास्त तापलेल्या खडकाचा एखादा स्तंभ वर चढतो आणि भूपट्टाच्या मधोमध लाव्हा ओततो. अशा जागेला तप्तस्थान म्हणतात. भूपट्ट वरून सरकत राहतो, तप्तस्थान साधारण जागेवर असतं, त्यामुळे ज्वालामुखींची रांग तयार होते. हवाई बेटांची रांग पाहून जे. टुझो विल्सन यांनी ही कल्पना १९६३ मध्ये मांडली. महाराष्ट्राची गोष्ट या तिसऱ्या तऱ्हेची आहे.

वाहणारा लाव्हा आणि फुटणारा डोंगर

सगळे ज्वालामुखी सारखे का नसतात? याचं उत्तर शिलारसातल्या सिलिकात आणि वायूंमध्ये आहे. बेसाल्टच्या रसात सिलिका सुमारे निम्मं असतं, तापमान १,१०० ते १,२०० अंश. तो पातळ असतो, त्यातून वायू सहज सुटतात आणि लाव्हा ओढ्यासारखा पसरतो. असे थरांवर थर साचून हवाईच्या मौना लोआसारखा बसका, अवाढव्य डोंगर होतो. समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच असूनही त्याचा उतार इतका सौम्य, की लांबून तो नुसता फुगवटा वाटतो.

सिलिका सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं की रस चिकट होतो. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आत कोंडले जातात. रस वर चढताना दाब उतरतो, वायूंचे बुडबुडे फुगत जातात आणि शेवटी रसाच्याच ठिकऱ्या उडतात. ज्याला आपण ज्वालामुखीची राख म्हणतो ती जळून उरलेली राख नव्हे, तर बारीक काच आणि खडकाची पूड असते. म्हणून ती छपरावर साचून पाणी प्यायली की घरं कोसळतात, आणि विमानाच्या इंजिनात शिरली तर वितळून चिकटते.

माणसं मरतात ती लाव्हामुळे क्वचितच. लाव्हापासून बहुधा चालत दूर जाता येतं. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरच्या माउंट पेलेमधून तप्त वायू आणि राखेचा लोट डोंगरउतारावरून खाली आला आणि काही मिनिटांत सेंट पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसं मेली. कोलंबियात १३ नोव्हेंबर १९८५ रोजी नेवादो देल रुईझचा उद्रेक तसा लहानच होता. पण त्याने शिखरावरचं बर्फ वितळलं, चिखलाचे लोंढे नदीतून उतरले आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं. तिथे आणि आसपास मिळून सुमारे २३,००० बळी गेले. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता, हे त्यातलं सर्वांत चटका लावणारं. १८८३च्या क्राकाटोआच्या उद्रेकात ३६,००० हून अधिक लोक गेले, त्यातले बहुतेक त्सुनामीत.

उलट बाजूही आहे. फिलिपिन्समधला पिनातुबो १९९१ मध्ये जागा झाला तेव्हा लहान भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण यांवरून शास्त्रज्ञांनी वेळेत इशारा दिला आणि हजारो लोक हलवले गेले. १५ जूनचा उद्रेक विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता. त्याने वातावरणाच्या वरच्या थरात इतका सल्फर डायऑक्साइड सोडला, की पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा याहून कितीतरी मोठा फुटला होता. १८१६ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली.

कुकडीकाठची परदेशी राख

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, कुकडी नदीच्या काठच्या गाळात, फिकट रंगाच्या बारीक राखेचा थर सापडतो. ती सह्याद्रीची नव्हे. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तोबाचा जो उद्रेक झाला तो गेल्या वीस लाख वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांत गणला जातो. त्याच्या खड्ड्यात आज १०० किलोमीटर लांबीचा तलाव आहे. राख भारतभर पसरली आणि नद्यांच्या गाळात ठिकठिकाणी टिकून राहिली. बोरीची राख याच उद्रेकाची की तोबाच्याच त्याहून जुन्या एखाद्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. वाद महत्त्वाचा अशासाठी, की त्याच परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळतात आणि राखेचं वय ठरलं की माणसाच्या वावराचा काळ ठरतो.

सह्याद्री: शिखर नसलेला ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर आणि वर धुमसतं तोंड आठवतं. दख्खनचा लाव्हा अशा डोंगरांतून आला नाही. तो आला जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भेगांतून बेसाल्टचा पातळ रस पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि सपाट पसरत गेला. त्या भेगांमध्येच थिजून राहिलेला खडक नंदुरबार-धुळ्याच्या भागात आणि कोकणात आजही उभ्या काळ्या भिंतींसारखा जमिनीतून वर आलेला दिसतो.

भेगांतून होणारा उद्रेक कसा असतो याची थोडी कल्पना आइसलँडवरून येते. तिथे १७८३ मध्ये लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओतत राहिली. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर आला. विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातला जवळपास पाचवा हिस्सा लोक दगावले. इतिहासकाळातला हा भेगी उद्रेकांतला एक थोर नमुना; पण दख्खनच्या मोठ्या थरांपैकी एकेका थरात शेकडो घन किलोमीटर लाव्हा आहे. काही प्रवाह तर आजच्या आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे हजार किलोमीटर, गेल्याचं मानलं जातं. आज उरलेला दख्खनचा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. मूळचा विस्तार याहून बराच मोठा होता, काही भाग अरबी समुद्राखाली गेला, काही झिजला.

या थरांची नावं वाचताना मराठी माणसाला एसटीच्या वेळापत्रकाची आठवण व्हावी. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातले थर रासायनिक घटकांवरून वेगळे केले आणि जिथे जो थर चांगला दिसतो तिथलं नाव त्याला दिलं. खालून वर मोजलं तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. जगभरच्या शोधनिबंधांत ही नावं रोज छापली जातात. एकावर एक रचले तर या सगळ्या थरांची जाडी तीन किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होत नागपूरपाशी हा पसारा संपतो. त्यापलीकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत आणि दक्षिणेला सिंधुदुर्गाच्या बऱ्याच भागात फार जुने खडक वर येतात.

आता कोयनेचं वेधनछिद्र. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तिथे जुना, उघडा, झिजलेला प्रदेश होता आणि त्याच्यावर तो पसरला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तो या खालच्या जुन्या खडकात. ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही.

लाव्हाच्या थराची रचना सर्वांत चांगली कळते ती विहीर खणणाऱ्यांना. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, लवकर कुजणारा. त्याला गावोगाव मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा, गेरू. हा गेरू म्हणजे एक थर निवून, त्याची माती होण्याइतका काळ गेला आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला, याची खूण. सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात तेही यामुळेच. घट्ट पाषाणाचा सरळ कडा, मऊ भागाची टप्पा पडलेली वाट, पुन्हा कडा. किल्ल्यांना ताशीव तट आयते मिळाले ते असे, आणि थरांच्या सांध्यातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांची टाकी भरली. अजिंठा-वेरूळची लेणी खोदणाऱ्यांनी हाच खडक निवडला.

वायूच्या त्या रिकाम्या पोकळ्यांमध्ये पुढे पाण्यातून क्षार साचले आणि झिओलाइटसारखे स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरकडच्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट तर खनिजं जमवणाऱ्यांत सर्वांत नावाजलेला. लाव्हा सावकाश निवताना आकसून कधी त्याचे उभे, कोनदार खांब होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं उदाहरण, इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेलं.

लाव्हा सलग वाहत नव्हता, मध्ये मोठाल्या विश्रांती होत्या, याचा एक गमतीदार पुरावा मुंबईतच मिळाला. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे गोड्या पाण्याचं तळं होतं आणि त्यात बेडूक नांदत होते.

आणि हे सगळं घडलं तेव्हा महाराष्ट्र इथे नव्हताच. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने वळतात आणि तसेच राहतात. १९५०च्या दशकात दख्खनच्या खडकांचं हे चुंबकत्व मोजलं गेलं, तेव्हा दिसलं की ही जमीन विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला असताना लाव्हा बाहेर पडला. खंड सरकतात की नाही यावर तेव्हा जोरात भांडण चालू होतं. त्यात या काळ्या दगडाची साक्ष मोलाची ठरली.

डायनासोर याच सुमारास संपले. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे आदळलेल्या अशनीला बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोषी धरतात. दख्खनच्या लाव्हाने आधीच हवामान बिघडवून ठेवलं होतं का आणि किती, यावर मात्र अजून कडाक्याची चर्चा आहे. उद्रेकांचा काळ अशनीच्या आधी सुरू होऊन नंतरही चालू राहिला, इतकं खडकांच्या वयावरून ठरलेलं आहे.

ज्वालामुखीच्या खात्यावर उगाच टाकलेल्या गोष्टी

लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं तोंड असल्याचं अजूनही ऐकू येतं. पूर्वी तज्ज्ञांनाही तसं वाटे. आता ते अशनीच्या आघाताने झालं हे पक्कं आहे, कारण प्रचंड आघाताखेरीज तयार न होणारी काच तिथल्या खडकात सापडली आहे. लोणारचं वेगळेपण असं, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसाल्टमध्ये झालेलं आहे, आणि चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायला त्याचा उपयोग होतो.

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे इथले गरम पाण्याचे झरेही जिवंत ज्वालामुखीचं लक्षण नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, आधी सांगितलेल्या दर किलोमीटरच्या २५–३० अंशांच्या हिशेबाने तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं.

तप्तस्थान आता कुठे आहे?

भारत उत्तरेला सरकला, तप्तस्थान मागे राहिलं. त्याची वाट लक्षद्वीप-मालदीवच्या समुद्राखालच्या रांगेवरून दक्षिणेला हिंदी महासागरातल्या फ्रान्सच्या रियुनियन बेटापर्यंत जाते, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला पितों द ला फुरनेझ हा जगातल्या सर्वांत उद्योगी ज्वालामुखींपैकी एक आहे; सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत. १९७७ मध्ये त्याचा लाव्हा सेंट रोज गावात शिरला आणि चर्चच्या दारात येऊन थांबला. चर्च अजून वापरात आहे. सह्याद्रीत पुन्हा लाव्हा येईल का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. खालून रस पुरवणारी जागाच आता हजारो किलोमीटर दूर आहे.

भारतात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्रीविजयपुरम) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर, समुद्रावर साडेतीनशे मीटर डोकं काढलेलं. भारतीय भूपट्ट तिथे पूर्वेकडे खाली बुडतो आहे. १७८७ च्या उद्रेकाची नोंद आहे; मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते गप्प झालं आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, १९९१ मध्ये, पुन्हा सुरू झालं.

२३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधू संकल्प’ हे जहाज तिथे सागरतळाचे नमुने घेत होतं. समोरच बेट राख फेकू लागलं. अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने सुमारे मैलभर मागे सरून निरीक्षण केलं. पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक होत होते. दिवसा नुसते राखेचे लोट दिसत, अंधार पडल्यावर उतारावरून ओघळणारा लाल लाव्हाही दिसला. सागरतळातून त्यांनी उचललेल्या गाळात कोळशासारखे काळे ज्वालामुखीय कण होते, म्हणजे आधीच्या उद्रेकांची नोंद समुद्राने ठेवलेली होती. बेटावर वस्ती नाही. पण वरून विमानं जातात, आणि राख उडाली की त्यांना सावध करण्याचं काम ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं केंद्र करतं.